सासूबाईंनी विमानात बसू नये, भावाने मात्र बसावं

पत्र

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. माझ्या दुसऱ्या बाळंतपणासाठी सासूबाई फेब्रुवारी २०२० मध्ये मिरजेहून व्हिजिटर व्हिसावर आल्या. पुढच्याच महिन्यात सगळं बंद झालं. आम्ही मुदतवाढीचा अर्ज केला आणि फेब्रुवारी २०२१ पर्यंतची मंजुरी आली. मग भारतात दुसरी लाट, मग मुलं लहान, मग ‘आता उशीर झालाच आहे’ असं करत पाच वर्षं होत आली. सासरे २०१७ मध्ये गेले. मिरजेचं घर बंद आहे. मी आणि मिस्टर २०२४ मध्ये अमेरिकन नागरिक झालो. ओळखीतल्या एका कन्सल्टंटने सांगितलं, ‘मुलगा सिटिझन आहे ना, मग काळजी कसली? अर्ज टाका, आईंना भारतात पाठवा, मुंबईला इंटरव्ह्यू देऊन वर्षभरात ग्रीन कार्डावर परत येतील.’ सासूबाई ६७ वर्षांच्या आहेत. त्यांची आई मिरजेतच असते, ८९ वर्षांची, अंथरुणाला खिळलेली. सासूबाईंना कसंही करून तिला भेटायचंय, त्यामुळे तिकिटं बघून ठेवली आहेत. पासपोर्टवरचा व्हिसा २०२८ पर्यंतचा आहे, त्यामुळे अडचण येऊ नये असं मिस्टरांना वाटतं.

दुसरं म्हणजे माझा धाकटा भाऊ डॅलसला एम.एस. करून राहिला. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत नाव लागलं नाही, ओपीटी (शिक्षणानंतर काही काळ काम करायची मुभा) गेल्या वर्षी संपली. तो परत जायला तयार नाही. मी त्याच्यासाठी अर्ज करू शकते का?

— एक सून, एडिसन

उत्तर

ताई, तिकिटं नुसती बघून ठेवली असतील तर काढू नका. काढली असतील तर रद्द करा, पैसे बुडाले तरी बुडू द्या. कारणं सांगते, पण आधी हे एवढं करून या.

त्या कन्सल्टंटने सांगितलेला रस्ता अस्तित्वात आहे. जो माणूस मुदतीत भारतात परतला आणि तिथेच आहे, त्याच्यासाठी मुलाने अर्ज करायचा आणि मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत द्यायची, हे बरोबरच आहे. तुमच्या सासूबाईंसाठी मात्र तोच रस्ता सापळा आहे. अमेरिकेने १९९६ मध्ये केलेल्या आणि १ एप्रिल १९९७ पासून लागू झालेल्या कायद्याप्रमाणे, मुदत उलटल्यावर १८० दिवसांहून जास्त, पण वर्षापेक्षा कमी राहून स्वतःहून देश सोडणाऱ्याला तीन वर्षं परत येता येत नाही. वर्ष किंवा त्याहून जास्त राहिलं की ती बंदी दहा वर्षांची. आणि ती लागू होते देश सोडल्यावर. लॅचच्या दारासारखं आहे हे: आत आहात तोवर काही कळत नाही, बाहेर पडून दार ओढलंत की किल्ली आतच राहते. नूअर्कहून विमान सुटलं की सासूबाईंची दहा वर्षं सुरू, म्हणजे वयाच्या सत्त्याहत्तरीपर्यंत.

‘पण मुलगा नागरिक आहे’ हे वाक्य तुमच्या घरात शंभरदा बोललं गेलं असेल. मुलाच्या नागरिकत्वाने ही बंदी उठत नाही. बंदीतून माफी मिळण्याची एक सोय आहे, त्या अर्जाला आय-६०१ म्हणतात. त्यात असं दाखवावं लागतं की अर्जदाराला प्रवेश मिळाला नाही तर त्याच्या नवऱ्याला, बायकोला किंवा आई-वडिलांना पराकोटीचा त्रास होईल, आणि ते माणूस अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलं पाहिजे. ही यादी पुन्हा वाचा. त्यात मुलगा नाही, सून नाही, नातवंडंही नाहीत. सासरे हयात नाहीत आणि सासूबाईंची आई मिरजेत आहे. म्हणजे माफी ज्याच्या नावाने मागायची ते माणूसच नाही. मला या कायद्यातली सगळ्यात निष्ठुर गोष्ट हीच वाटते. ज्या मुलासाठी आई इतकी वर्षं इथे राहिली, त्याचे हाल या हिशेबात धरलेच जात नाहीत.

पासपोर्टवरच्या २०२८ च्या तारखेचंही ऐका. व्हिसा म्हणजे दारापर्यंत येण्याची परवानगी. आत किती दिवस राहायचं ते आय-९४ नावाची नोंद ठरवते, आणि तुमच्या बाबतीत तिच्यावर मुदतवाढीचं मंजुरीपत्र चढलं. ती मुदत उलटली त्याच दिवशी दहा वर्षांचा तो व्हिसा कायद्याने रद्द झाला. शिक्का छान दिसतो, पण त्यात जीव नाही. त्याच्या भरवशावर कुणीही विमानात बसू नये.

आता चांगली बातमी. ती खरोखरच चांगली आहे.

अमेरिकन नागरिकाचा जोडीदार, त्याचं एकवीस वर्षांखालचं अविवाहित मूल आणि एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या नागरिकाचे आई-वडील, एवढ्यांना हा कायदा अगदी जवळचे नातेवाईक मानतो. त्यांना व्हिसाच्या रांगेत थांबावं लागत नाही, आणि ते विमानतळावर रीतसर तपासणी होऊन आत आलेले असतील तर मुदत उलटलेली असूनही देशात राहूनच ग्रीन कार्ड मागू शकतात. मधल्या काळात परवानगीशिवाय काम केलेलं असलं तरी याच गटासाठी तेही आड येत नाही. सासूबाईंच्या पासपोर्टवर २०२० चा प्रवेशाचा शिक्का आहे. तो आता घरातल्या दागिन्यांपेक्षा मोलाचा समजा. मिस्टरांनी आय-१३० हा नात्याचा अर्ज करायचा, सासूबाईंनी त्याच पाकिटात आय-४८५ हा स्टेटस बदलण्याचा अर्ज करायचा. एप्रिल २०२४ पासूनच्या दराने कागदी आय-१३० ची फी ६७५ डॉलर आणि आय-४८५ ची १,४४० डॉलर. मुलाखत मुंबईला न होता इथल्याच कार्यालयात होते. अर्ज दाखल झाला की बेकायदा मुक्कामाचे दिवस मोजणं थांबतं. आय-१३० भरताना मुलाखत कुठे हवी असं विचारतात, तिथे मुंबई लिहू नका. कन्सल्टंटला फॉर्म भरायला दिला असता तर त्याने नेमकं तेच लिहिलं असतं.

अर्ज करणं अगदी निर्धोक आहे असं मात्र मी म्हणणार नाही. फेब्रुवारी २०२५ पासून धोरण असं आहे की अर्ज नामंजूर झाला आणि माणसाकडे दुसरं कायदेशीर स्टेटस नसलं, तर इमिग्रेशन न्यायालयात हजर होण्याची नोटीस निघू शकते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सॅन डिएगोत ग्रीन कार्डाच्या मुलाखतीला आलेल्या, मुदत उलटलेल्या काही जोडीदारांना तिथेच ताब्यात घेतल्याच्या बातम्या आल्या. तुमच्याकडे गुन्हा नाही, जुना हद्दपारीचा हुकूम नाही, खोटी कागदपत्रं नाहीत, असं मी पत्रावरून धरून चालले आहे. तसं असेल तर अर्ज मजबूत आहे आणि तो न करता घरात दडून राहणं जास्त धोक्याचं. पण वकिलाशिवाय अर्ज टाकू नका आणि मुलाखतीला त्याच्याशिवाय जाऊ नका. वकील म्हणजे ज्याच्याकडे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याच्या बारची सनद आहे तो. ‘कन्सल्टंट’, ‘फॉर्म भरून देणारे’, ‘देवळात भेटणारे काका’ यांना कायदेशीर सल्ला द्यायचा अधिकार नाही, मग त्यांनी कितीही जणांची कामं केलेली असोत.

वकिलाकडे बसाल तेव्हा एक गोष्ट आपणहून सांगा. गेल्या काही वर्षांत सासूबाईंनी कुठे ‘मी अमेरिकन नागरिक आहे’ अशा चौकोनात खूण केली आहे का? सरकारी फॉर्म भरताना घाईत ‘येस’ म्हटलं, मतदार नोंदणीच्या ओळीखाली सही केली, असे प्रकार घडतात. मुदत उलटणं त्यांना माफ आहे. नागरिकत्वाचा खोटा दावा जवळजवळ कधीच माफ होत नाही. आणि शेजारच्या दोन-तीन घरांतली मुलं सासूबाई पैसे घेऊन सांभाळत असतील, किंवा पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेत असतील (एडिसनमध्ये राहून हे होत नसेल तरच नवल), तर तेही लपवू नका. काम माफ होतं, फॉर्मवरचं खोटं होत नाही.

मिरजेच्या भेटीचं काय, हा तुमचा खरा प्रश्न आहे. आय-४८५ दाखल झाल्यावर आय-१३१ या अर्जाने बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी मागता येते. तिला अॅडव्हान्स पॅरोल म्हणतात. अशी परवानगी हातात असताना देश सोडला तर दहा वर्षांची बंदी लागत नाही, असा निकाल इमिग्रेशन अपील मंडळाने २०१२ मध्ये अर्राबल्ली आणि येर्राबेल्ली यांच्या प्रकरणात दिला. परवानगी यायला महिने लागतात, पण जवळचं माणूस अत्यवस्थ असेल तर स्थानिक कार्यालयात तातडीची परवानगी मागता येते. रुग्णालयाचं पत्र इंग्रजीत, ताज्या तारखेचं, डॉक्टरांच्या शिक्क्यानिशी लागेल. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात ते मिळायला अडचण पडू नये. तरीही परत येताना विमानतळावरचा अधिकारी आत घेईलच अशी हमी ही परवानगी देत नाही, आणि सध्याच्या वातावरणात पुष्कळ वकील कार्ड हातात पडेपर्यंत प्रवास नको म्हणतात. वकिलाने हा धोका सासूबाईंना समोर बसवून समजावला पाहिजे, आणि मराठीत. तुम्ही दोघांनी ऐकून ‘ते नको म्हणाले’ एवढंच घरी सांगायचं, असं करू नका.

यावरून मनात आलं ते लिहिते. तुमच्या पत्रात मिस्टरांना काय वाटतं ते आहे, कन्सल्टंट काय म्हणाला ते आहे. सासूबाईंना इथे राहायचंय का, हे कुठेच नाही. त्यांना आईला भेटायचंय एवढंच एक वाक्य आहे आणि त्यात ‘कसंही करून’ असं आहे. त्यांना विचारा. कदाचित त्या म्हणतील, मला मिरजेच्या घराचं कुलूप काढून तिथेच राहायचंय, कार्ड तुमच्या सोयीसाठी आहे. तसं असेल तर त्या जाऊ शकतात, त्यांना कुणी अडवत नाही. दहा वर्षं नातवंडांनी आजीकडे जायचं. हा निर्णय चुकीचा ठरत नाही, फक्त तो आंधळेपणाने व्हायला नको. आणि दोन्हीकडे राहायचं असेल, सहा महिने तिकडे आणि सहा इकडे, तर ग्रीन कार्ड त्यासाठी फारसं सोयीचं नाही हेही आताच सांगा. ते अमेरिकेत राहणाऱ्यासाठी असतं. वर्षभर बाहेर राहिलं तर ते धोक्यात येतं, आणि दरवर्षी बरेच महिने बाहेर काढले तर अधिकारी प्रश्न विचारू लागतात. मिस्टरांना हमीपत्रही द्यावं लागेल, आय-८६४. त्यात घरातली माणसं मोजून गरिबीरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवायचं असतं, आणि ती जबाबदारी आई नागरिक होईपर्यंत किंवा जन्मभर चालू शकते. तुमच्या दोघांच्या नोकऱ्यांवर ते जड नसावं, पण सही करण्याआधी वाचा.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट मराठी घरांची खास आहे. आईचं नातं सिद्ध होतं ते मुलाच्या जन्मदाखल्यावरच्या आईच्या नावाने. तुमच्या मिस्टरांनी स्वतःच्या ग्रीन कार्डासाठी जन्मदाखला दिला असणारच, तो काढा आणि त्यावर आईचं नाव काय आहे ते अक्षर अक्षर लावून पाहा. माहेरी कुसुम, सासरी तांदळात लिहिलेलं नाव सुनंदा, दाखल्यावर सुनंदाबाई, पासपोर्टवर कुसुम आणि पुढे नवऱ्याचं नाव, असा गोंधळ मी कितीदा पाहिला आहे. आपल्याला त्यात काहीच खटकत नाही. अधिकाऱ्याला तिथे तीन बायका दिसतात. लग्नाच्या नोंदणीचा दाखला असेल तर उत्तम. त्या काळातल्या लग्नाचा तो बहुधा नसतो, मग राजपत्रातला नावबदल, जुनं रेशनकार्ड, सासऱ्यांच्या पेन्शनच्या कागदांवरचं नाव, आणि लग्न किंवा बाळंतपण स्वतः पाहिलेल्या दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं, असं गोळा करावं लागतं. मिरजेची ती ८९ वर्षांची आजी बोलू शकत असेल, तर तिच्याहून चांगली साक्षीदार नाही. हे काम आज करा.

सासूबाईंचा स्वतःचा जन्मदाखला बहुधा नसेल. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदाच १९६९ चा आहे, त्याआधीची नोंद गावोगाव जशी असेल तशी. ग्रामपंचायतीकडून किंवा महापालिकेकडून ‘नोंद आढळत नाही’ असं प्रमाणपत्र घ्या आणि त्याला शाळा सोडल्याचा दाखला जोडा. वैद्यकीय तपासणी सरकारमान्य डॉक्टरांकडेच होते. भारतात वाढलेल्या माणसाची टीबीची रक्तचाचणी पुष्कळदा पॉझिटिव्ह येते, मग छातीचा एक्स-रे काढतात. घाबरू नका.

आता भाऊ. त्याला मी नेमका उलटा सल्ला देणार आहे.

बहीण म्हणून तुम्ही त्याच्यासाठी अर्ज करू शकता. पण भावंडांच्या गटाला रांग आहे, आणि भारतात जन्मलेल्यांसाठी ती वीस वर्षांच्या आसपासची आहे. त्या अर्जाने त्याला इथे एक दिवसही राहता येत नाही, कामाचा परवाना मिळत नाही, आणि सासूबाईंना असलेली सूट भावंडांना नाही. एक जुना अपवाद आहे: तुमच्या वडिलांसाठी एखाद्या काकांनी किंवा आत्याने ३० एप्रिल २००१ पर्यंत अर्ज केला होता का, हे घरी विचारा. असेल तर तो कागद शोधा आणि वकिलाला दाखवा, काही अटींवर हजार डॉलर दंड भरून दार उघडू शकतं. बहुतेकांच्या घरी असा कागद नसतो.

त्याच्या बाजूने एक गोष्ट आहे, आणि ती त्याला माहीत नसावी. व्हिजिटरच्या आय-९४ वर तारीख असते, विद्यार्थ्याच्या आय-९४ वर ‘डी/एस’ असतं, म्हणजे शिक्षणाचं स्टेटस टिकेल तोवर. ते मोडलं की स्टेटस गेलं, पण तीन-दहा वर्षांच्या बंदीसाठी मोजले जाणारे दिवस इमिग्रेशन खात्याने किंवा न्यायाधीशाने तसा निर्णय देईपर्यंत सुरू होत नाहीत. २०१८ मध्ये हा नियम बदलायचा प्रयत्न झाला, २०२० मध्ये न्यायालयाने तो थोपवला. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘डी/एस’च काढून विद्यार्थ्यांना ठरावीक तारीख देण्याचा प्रस्ताव पुढे आला. थोडक्यात, आज तो स्वतःहून गेला तर बहुधा कोरी पाटी घेऊन जाईल. नोटीस आली, निर्णय झाला, की हे हातातून जाईल. सासूबाईंच्या बाबतीत विमान हा धोका आहे, त्याच्या बाबतीत न बसणं.

व्हिसा देताना वकिलातीतला अधिकारी मधल्या काळाबद्दल विचारेल, काम केलं असेल तर तेही निघेल. जाण्याने सगळं सोपं होतं असं नाही. भावासाठीचा तुमचा अर्जही तेव्हा समोर येईल, कारण व्हिसाच्या फॉर्मवर ‘तुमच्यासाठी कुणी स्थलांतराचा अर्ज केला आहे का’ असा थेट प्रश्न असतो. त्याला पुन्हा शिकायला किंवा फिरायला यायचं असेल तर तो अर्ज आड येऊ शकतो. म्हणून आधी त्याच्याशी बोला, मग करा. वीस वर्षांच्या रांगेत दोन महिन्यांनी काही बिघडत नाही.

त्याला कुणीतरी लवकरच कागदावरच्या लग्नाबद्दल सांगेल, कदाचित सांगितलंही असेल. डॅलसमध्ये कुणी पंधरा-वीस हजार डॉलरमध्ये ‘सोय’ करून देतो म्हणालं, तर त्या माणसाचा नंबरसुद्धा फोनमध्ये ठेवू नये. असं लग्न हा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. त्याहून वाईट म्हणजे एकदा तशी नोंद झाली की पुढे खऱ्या बायकोने केलेला अर्ज, नोकरी देणाऱ्या कंपनीने केलेला अर्ज, तुम्ही केलेला अर्ज, काहीच मंजूर होत नाही. कायमचं. उद्या तो खरोखर एखाद्या नागरिक मुलीच्या प्रेमात पडून संसार करायला लागला, तर सासूबाईंना आहे तीच सूट त्यालाही मिळेल, पण ते ज्याचं त्याने जगायचं असतं, वकिलाने जमवायचं नसतं.

तो जायला तयार झाला, तर निघण्याआधी एकदा वकिलाकडून त्याची आय-९४ ची नोंद, आय-२० (विद्यापीठाने दिलेला विद्यार्थी व्हिसाचा कागद) आणि खात्याकडून आलेली सगळी पत्रं तपासून घ्या. एखाद्या अर्जावर आधीच नकाराचं पत्र आलेलं असेल तर दिवस त्या तारखेपासून सुरू झालेले असू शकतात आणि १८० चा आकडा कुठे येतो ते मोजावं लागेल. आणि बोर्डिंग पास आणि मुंबईच्या विमानतळावरचा आगमनाचा शिक्का, दोन्हींचे फोटो काढून तुमच्याकडेही पाठवायला सांगा. तो कधी गेला, हे त्याला पुढे कधीतरी सिद्ध करावं लागणार आहे.